एक महिना, एक लेखक: मुलांची लेखकांशी ओळख कशी करून द्यावी

कराडला आमच्या घरापुढे मोठा ओटा आहे. गेली सात वर्षं दर शनिवारी दुपारी चारला मी तिथे सतरंजी अंथरते आणि पत्र्याची ट्रंक बाहेर ओढते. ट्रंकेत मुलांची पुस्तकं असतात. बालवाडीपासून आठवीपर्यंतची पंचवीस-तीस मुलं येतात, मला काकू म्हणतात, पुस्तक बदलून नेतात आणि तासभर बसून ऐकतात. त्याआधी मी पोस्टात नोकरी केली. तिथे एक सवय लागली ती लागलीच: पाकीट हातात आलं की आधी पाठवणाऱ्याचं नाव बघायचं.

ही सवय पुस्तकांच्या बाबतीत मी पहिल्या वर्षी विसरले आणि त्याची किंमत मोजली. एका प्रदर्शनात अठ्ठेचाळीस पुस्तकांचा संच घेतला. चकचकीत मुखपृष्ठं, आत अकबर-बिरबल, तेनालीराम, बोधकथा. घरी आणून पाहिलं तर एकाही पुस्तकावर लेखकाचं नाव नाही. ‘संपादक मंडळ’ एवढंच छापलेलं. मुलांनी पुस्तकं नेली, वाचली, परत आणून ठेवली, आणि विषय तिथेच संपला. आवडलं का विचारलं तर ‘हो’ म्हणायची. पुढे काय मागायचं हे त्यांना कळायला मार्गच नव्हता.

मग एका शनिवारी चौथीतल्या मुलीनं विंदा करंदीकरांचं ‘राणीची बाग’ परत आणलं आणि विचारलं, ‘काकू, ह्यांचंच अजून आहे का?’ ह्यांचंच! मी घरात जाऊन कपाट उपसलं. त्या दिवसापासून ट्रंकेची मांडणी बदलली. आता दर महिन्याला आमच्याकडे एकच लेखक पाहुणा असतो. तुम्हाला घरी, सोसायटीत, शाळेत असं काही करायचं असेल तर मी ते कसं करते ते सांगते.

पहिला लेखक कोण घ्यावा

ज्याची मुलांसाठीची निदान पाच-सहा पुस्तकं मिळतात तोच लेखक पहिल्यांदा घ्या. एकच पुस्तक असलेला लेखक कितीही चांगला असला तरी ‘अजून आहे का’ ह्या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर उरत नाही.

मी प्रत्येकाला विंदांपासून सुरुवात करायला सांगते. ‘राणीची बाग’ आणि ‘एकदा काय झाले’ 1961 मध्ये आली. मग ‘सशाचे कान’, ‘एटू लोकांचा देश’, ‘परी ग परी’, ‘अजबखाना’, ‘सर्कसवाला’, ‘पिशीमावशी आणि तिची भुतावळ’, ‘अडम् तडम्’, आणि 1993 साली ‘सात एके सात’, ‘बागुलबोवा’. तीस वर्षांहून जास्त काळ हा माणूस मुलांसाठी लिहीत राहिला. मोठ्यांसाठी लिहिलेल्या कवितेनं त्यांना 2003 सालचं ज्ञानपीठ मिळवून दिलं, खांडेकर आणि कुसुमाग्रजांनंतर मराठीला मिळालेलं तिसरं. मुलांना मी हे सांगते, पण पुस्तक वाचून झाल्यावर. आधी सांगितलं की मुलं सावरून बसतात, पाठ्यपुस्तक उघडल्यासारखी.

लहान मुलं जास्त असतील, चार ते सात वर्षांची, तर माधुरी पुरंदरे घ्या. चित्रं त्यांचीच, शब्दही त्यांचेच. यश आणि राधा यांच्या गोष्टींत राक्षस नाही, राजपुत्र नाही. घर आहे, आजी आहे, शाळेची भीती आहे, कंटाळा आहे. ही पुस्तकं वाचताना पान उलटायची घाई करू नका. चित्रात कोपऱ्यात काय पडलंय, खुंटीवर काय टांगलंय, हे मुलं आपल्याआधी बघतात. एका पानावर आमची दहा मिनिटं सहज जातात. पुरंदऱ्यांना 2014 मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार 2010 पासून दिला जातो आणि पहिल्याच वर्षी मराठीसाठी तो अनिल अवचटांच्या ‘सृष्टीत… गोष्टीत’ला मिळाला होता. हे दोघंही लेखक पुस्तकांच्या ढिगात हवेत.

पुढचा लेखक कसा निवडायचा हे सुचत नसेल तर पुरंदऱ्यांनीच संपादित केलेलं ‘वाचू आनंदे’ विकत घ्या. बालगटाचे दोन भाग, कुमारगटाचे दोन. त्यात मराठीतल्या कितीतरी लेखकांचे वेचे आणि सोबत चित्रकारांची चित्रं आहेत. मी ते मुलांपुढे उघडं ठेवते. ज्या वेच्यापाशी दोन-तीन मुलं डोकी एकत्र करून बसतात, त्या वेच्याचा लेखक पुढच्या महिन्याचा पाहुणा.

नावाची पट्टी

पुस्तक आलं की मी त्याला जाड पारदर्शक कव्हर घालते आणि कण्यावर पांढऱ्या कागदाची पट्टी लावते. पट्टीवर पुस्तकाचं नाव लिहीत नाही, लेखकाचं लिहिते, ठळक काळ्या स्केचपेननं. ट्रंकेत पुस्तकं उभी लावली की कणे वर येतात आणि झाकण उघडताच नावं दिसतात: करंदीकर, करंदीकर, करंदीकर, पाडगावकर, भागवत, भागवत. जे मूल अजून जोडाक्षर वाचत नाही तेही दोन आठवड्यांत आकारावरून नाव ओळखायला लागतं. पट्टी खळीनं चिकटवू नका, पावसाळ्यात झुरळं खातात. फेविकॉल पातळ करून वापरा आणि वर सेलोटेप नको, वर्षभरात ती पिवळी पडून निघते.

आणि वाचायच्या आधी नाव मोठ्यानं म्हणायचं. ‘आज आपण वाचणार आहोत, एटू लोकांचा देश, लिहिलंय विंदा करंदीकरांनी.’ प्रत्येक वेळी, न चुकता. चित्रकाराचं नावही घ्या. अनुवाद असेल तर अनुवादकाचंही.

कविता वाचायची कशी

ह्याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण मोठी माणसं इथेच सगळं बिघडवतात. कविता वाचतात आणि लगेच विचारतात, ‘कळली का? काय सांगितलंय कवीनं?’ मुलांचे चेहरे पडलेच म्हणून समजा.

मी कविता तीनदा वाचते. पहिल्यांदा सरळ, हातवारे न करता, पण आवाज पोटातून काढून. विंदांची चाल शब्दांतच असते, तुम्ही नाटकी हेल काढले की ती मोडते. आदल्या रात्री स्वतः दोनदा मोठ्यानं वाचून ठेवा, श्वास कुठे घ्यायचा ते पेन्सिलीनं खूण करा. मी अजूनही करते. दुसऱ्यांदा वाचताना सतरंजीवर बोटांनी ठेका धरते. मुलं आपोआप धरतात, सांगावं लागत नाही. तिसऱ्यांदा यमकाच्या आधी थांबते. अर्धा क्षण. शेवटचा शब्द मुलं म्हणतात. चुकीचा म्हणाली तरी चालतो, पुष्कळदा तो गमतीचा असतो.

मग पुस्तक मिटायचं. प्रश्न नाही, तात्पर्य नाही.

‘एटू लोकांचा देश’ पहिल्यांदा वाचलं तेव्हा दुसरीतल्या एका मुलानं विचारलं, ‘एटू म्हणजे कोण?’ मी म्हटलं, ‘मी त्यांना पाहिलं नाही. तू ऐकलंस ना, तुला कसे दिसले?’ तो गप्प बसला. पुढच्या शनिवारी वहीचा पाठकोरा कागद घेऊन आला. कागदावर एक माणूस होता, तीन पायांचा, छत्री उलटी धरलेला, आणि त्या उलट्या छत्रीत पाणी साठवून त्यात मासा सोडलेला. त्यानं खाली लिहिलं होतं ‘एटू, पावसाळ्यात’. तो कागद मी पुस्तकाच्या शेवटच्या पानाला टाचला आहे. पुस्तक नेणारं प्रत्येक मूल तो बघतं, आणि आता तिथे नऊ एटू झालेत.

‘पिशीमावशी’ मात्र संध्याकाळी वाचा. आम्ही डिसेंबरात वाचतो, साडेपाचनंतर, ओट्यावरचा दिवा न लावता, जेमतेम अक्षरं दिसतात तोपर्यंत. पाच वर्षांच्या मुलांना आधी विचारून घ्या. ज्याला भीती वाटते त्यानं माझ्या मांडीजवळ बसायचं अशी आमच्याकडे रीत आहे. तिथे जागेसाठी भांडणं होतात.

पाठ असलेल्या गाण्यांचे कवी शोधा

दुसरा किंवा तिसरा महिना गाण्यांचा ठेवा. मुलांना ‘सांग सांग भोलानाथ’ पाठ असतं, ‘नाच रे मोरा’ पाठ असतं, पण ती कुणी बसून लिहिली आहेत हे त्यांच्या ध्यानीमनी नसतं. गाणं झाडावर उगवतं अशी त्यांची समजूत असते.

आमचा खेळ असा. मुलांनी घरी आजीला, आजोबांना, आईला विचारून एक गाणं आणायचं, शनिवारी म्हणायचं, आणि कवी कोण ते सगळ्यांनी मिळून शोधायचं. ‘झुकझुक झुकझुक अगीनगाडी’ आलं की गदिमा. ‘नाच रे मोरा’ही त्यांचंच, 1953 च्या ‘देवबाप्पा’ सिनेमातलं, पु. ल. देशपांडे यांनी चाल दिलेलं आणि आशा भोसले यांनी गायलेलं. ‘भोलानाथ’ मंगेश पाडगावकरांचं. मग त्याच दिवशी पाडगावकरांचं ‘वेडं कोकरू’ किंवा ‘सुट्टी एक्के सुट्टी’ ट्रंकेतून काढायचं. गाण्यावरून पुस्तकावर जायचा हा रस्ता सगळ्यात सोपा, विशेषतः वाचायला कंटाळणाऱ्या मुलांसाठी. वसंत बापटांचं ‘चंगा मंगा’ही ह्याच महिन्यात खपतं.

भागवत, फुरसुंगी आणि एक साखळी

नऊ-दहा वर्षांची मुलं कवितेला ‘बारक्यांचं’ म्हणू लागतात. त्यांना भा. रा. भागवत द्या. फास्टर फेणेची वीस पुस्तकं आहेत, म्हणजे एका मुलाचं वर्ष सुखात जातं. बनेश फेणे हा पुण्याजवळच्या फुरसुंगीचा. आम्ही भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा लावलाय आणि फुरसुंगीला लाल टाचणी टोचली आहे. कराडहून सातारा, साताऱ्याहून पुणे, तिथून फुरसुंगी, असं बोट फिरवत मुलं नेतात. पुस्तकातला मुलगा आपल्या एसटीच्या रस्त्यावर राहतो हे कळलं की त्यांच्या डोळ्यांत वेगळीच चमक येते.

पहिलं प्रकरण तुम्ही वाचून दाखवा आणि संकटाच्या ऐन मध्यावर थांबा. ‘पुढे?’ असा गलका होतो. तेव्हा पुस्तक सतरंजीवर ठेवायचं आणि उठून पाणी प्यायला जायचं.

भागवतांनी जूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या, ‘बालमित्र’ नावाचं मुलांचं मासिक चालवलं. त्यांच्या पत्नी लीलावती भागवत याही मुलांसाठी लिहीत आणि आकाशवाणीवर मुलांचे कार्यक्रम करत. एका घरातली दोन माणसं आयुष्यभर मुलांसाठी राबली, हे मुलांना आवर्जून सांगा.

इथून एक साखळी सुरू होते आणि ती मला फार आवडते. 2017 च्या ‘फास्टर फेणे’ सिनेमात भागवतांची भूमिका दिलीप प्रभावळकरांनी केली. त्याच प्रभावळकरांनी ‘बोक्या सातबंडे’ लिहिलं. तेच प्रभावळकर ‘अलबत्या गलबत्या’ नाटकात चेटकीण झाले होते. ते नाटक रत्नाकर मतकरींचं, ज्यांनी 1962 मध्ये ‘बालनाट्य’ ही संस्था काढली. आम्ही ही नावं एकेका कार्डावर लिहून सुतळीवर चिमट्यांनी टांगली. फेणे संपवलेलं मूल आपोआप बोक्याकडे जातं, बोक्यावरून मतकरींच्या नाटकांकडे. दिवाळीच्या सुट्टीत ‘निम्मा शिम्मा राक्षस’मधला एक प्रवेश आम्ही ओट्यावर केला, राक्षसाच्या अंगावर माझी गोधडी.

साने गुरुजींबद्दल एक सांगते. ‘श्यामची आई’ त्यांनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. पुस्तक रात्रींमध्ये विभागलेलं आहे, श्याम रोज रात्री आश्रमातल्या मित्रांना एकेक आठवण सांगतो. तसंच वाचा, एका वेळी एक रात्र. सलग वाचून मुलांना रडवायचं आणि मग ‘बघ, असं वागावं’ म्हणायचं, हा त्या पुस्तकावर अन्याय आहे. श्याम किती खोड्या करतो, पाण्याला किती घाबरतो, ते मुलांना आधी दिसू द्या.

बाकीच्या भाषा

सहा महिने झाले की मराठीबाहेर जा. मी सुकुमार रायांपासून सुरू करते आणि फळ्यावर तीन पिढ्या मांडते. वर उपेंद्रकिशोर, ज्यांनी 1913 मध्ये ‘संदेश’ हे बंगाली मुलांचं मासिक काढलं. त्याखाली मुलगा सुकुमार. त्यांचं उलट्यापालट्या, चक्रम कवितांचं पुस्तक ‘आबोल ताबोल’ 19 सप्टेंबर 1923 ला निघालं, ते गेल्यावर नऊ दिवसांनी, वय पस्तीस. हे सांगितलं तेव्हा सगळा ओटा शांत झाला होता. सातवीतल्या मुलीनं विचारलं, ‘मग त्यांनी छापलेलं बघितलंच नाही?’ त्याखाली नातू सत्यजित, ज्यांनी 1961 मध्ये आजोबांचं बंद पडलेलं ‘संदेश’ पुन्हा सुरू केलं आणि 1965 मध्ये त्यात फेलूदा ह्या गुप्तहेराची पहिली गोष्ट लिहिली. फेलूदा मराठीत अशोक जैन यांनी आणला आहे. फास्टर फेणे संपलेल्या मुलांना हे पुढचं खाद्य.

इंग्रजी वाचू शकणाऱ्या मोठ्या मुलांना रस्किन बाँड द्या, डोंगर, झाडं आणि रेल्वे स्टेशनं. आर. के. नारायण यांच्या ‘स्वामी अँड फ्रेंड्स’मधला शाळकरी स्वामी 1935 सालचा आहे, पण परीक्षेची भीती तीच. आणि अनिता देसाईंचं ‘द व्हिलेज बाय द सी’ महाराष्ट्रातल्या मुलांनी वाचायलाच हवं, कारण ते अलिबागजवळच्या थळ गावाबद्दल आहे. 1983 मध्ये त्याला इंग्लंडमधला गार्डियन पुरस्कार मिळाला. थळलाही आमच्या नकाशावर टाचणी आहे.

पैसे आणि पुस्तकं कुठून आणायची

महिन्याला पाचशे रुपये बाजूला काढले तरी एका लेखकाची दोन-तीन पुस्तकं येतात. नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं स्वस्त असतात आणि मराठीतही असतात. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतंय. वर्गणी भरा, शिवाय जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. मी तिथे एखाद्या लेखकाचं नाव हातात घेऊन जुने अंक चाळते. प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ 2015 पासून आहे, तिथल्या गोष्टी कुणालाही उतरवून छापून घेता येतात. छापताना लेखक, चित्रकार, अनुवादकाच्या नावांचं पान मात्र कागद वाचवायला म्हणून गाळू नका.

वाढदिवस

भिंतीवर एक कॅलेंडर फक्त लेखकांच्या वाढदिवसांचं ठेवा. ते भरताना माझ्या लक्षात आलं की मे महिना मुलांच्या लेखकांनी भरलेला आहे: 2 ला सत्यजित राय, 7 ला रवींद्रनाथ, 19 ला रस्किन बाँड, 31 ला भागवत. आणि मुलांना तेव्हाच सुट्टी! त्या दिवशी आम्ही पन्हं करतो आणि ज्याचा वाढदिवस त्याचंच वाचतो. 23 ऑगस्टला विंदा, 1 ऑक्टोबरला गदिमा, 24 डिसेंबरला साने गुरुजी, 10 मार्चला पाडगावकर. जे लेखक हयात आहेत त्यांना मुलं पत्रं लिहितात, प्रकाशकाच्या पत्त्यावर, आणि पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून मी ओट्याचा देते, मुलांच्या घरचा नाही. उत्तर येईलच असं मुलांना सांगू नका. आमच्याकडे एकदा आलं, पोस्टकार्ड होतं, चार ओळींचं. ते फिरत फिरत सगळ्यांच्या हातातून गेलं आणि कडा मऊ झाल्या.

देवघेवीची वही

वहीला पाच रकाने पाडा: तारीख, मुलाचं नाव, पुस्तक, लेखक, आणि शेवटचा ‘पुढचं कोणाचं हवं?’ लेखकाचा रकाना मुलांनीच भरायचा, पट्टी बघून, स्वतःच्या अक्षरात. करंदीकरांचा ‘दी’ ऱ्हस्व पडला तर दुरुस्त करा, पण हळूच, पेन्सिलीनं.

पहिल्या वर्षी शेवटच्या रकान्यात ‘भुताचं’, ‘मोठ्या चित्रांचं’, ‘पातळ’ असं लिहिलेलं असायचं. परवा जुन्या वह्या काढल्या होत्या म्हणून ताजी वही शेजारी ठेवून पाहिली. गेल्या शनिवारच्या पानावर सतरा नोंदी आहेत. ‘भागवत’ सहा वेळा, ‘पुरंदरे’ चार, ‘फेलूदावाले’ एकदा. तीन ठिकाणी रकाना कोरा आहे, दोघांनी ‘काकू सांगतील ते’ लिहिलंय. आणि सगळ्यात खाली, पहिलीतल्या एका मुलीनं, अजून काना-मात्रा नीट जमत नसताना, ओळीबाहेर जाऊन लिहिलंय: ‘एटुवाले करदिकर’.